विळीच्या पात्यासारखी पाठ: मानवाकृतीचं विरूपण पहिल्यांदा करताना

एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांपासून आपल्याला एकच गोष्ट सांगितली जाते: माणूस प्रमाणात आला पाहिजे. ते शिकायलाच हवं, त्यात वाद नाही. पण बराच सराव झाल्यावर असा एक दिवस येतो की प्रमाणात काढलेला माणूस कागदावर नुसता बसून राहतो. मापं चुकलेली नसतात, सावल्याही जागच्या जागी असतात. तरी जे पाहून आपण कोळसा हातात घेतला, ते मात्र चित्रात कुठेच नसतं. विरूपणाची गरज तिथून सुरू होते.

लाइफ क्लासात, म्हणजे जिवंत माणूस समोर बसवून रेखाटन शिकण्याच्या वर्गात, मुलं याला ‘डिस्टॉर्शन’ म्हणतात, समीक्षेत विरूपण किंवा विरूपीकरण. ‘विरूप’ या शब्दाला कुरूपतेचा वास येतो, तो इथे मनातून काढून टाका. शरीराची खरी रचना माहीत असताना, एखादी गोष्ट जास्त खरी वाटावी म्हणून, तिच्यातली एखादी लांबी, जाडी किंवा बाक जाणूनबुजून बदलणं, एवढाच त्याचा अर्थ.

या लेखात मी एकच आकृती सुरुवातीपासून शेवटपर्यंत घेतो: विळीवर भाजी चिरायला बसलेली बाई. मी माझ्या आईला काढलं. एक पाय मुडपलेला, दुसऱ्याने विळीचा पाट दाबून धरलेला, पाठ पुढे झुकलेली, मान खाली आणि सगळा जीव दोन हातांत. तुमच्याकडे विळी नसेल तर चादर पिळणारं किंवा उकिडवं बसून सायकलचं पंक्चर काढणारं कुणीही चालेल. हात बाजूला सोडून सरळ उभा राहिलेला माणूस मात्र पहिल्यांदा घेऊ नका. शरीर कामात असलं की ताण कुठे आहे हे तेच सांगतं.

सामान साधं आहे. न्यूजप्रिंटचे आठ-दहा मोठे कागद, चारकोल, खोडरबर, भरपूर ट्रेसिंग पेपर, आणि शेवटी रंगवण्यासाठी जाड कागद किंवा कॅनव्हास व ॲक्रेलिक रंग. ट्रेसिंग पेपरमध्ये काटकसर करू नका. या कामातला सगळा विचार त्याच्यावरच होतो.

पायरी 1: आधी खरं काढा

समोर बसलेल्या माणसाची वीस-वीस मिनिटांची तीन रेखाटनं करा, तीन वेगवेगळ्या बाजूंनी. मोबाइलवर फोटो काढून त्यावरून काढू नका. जवळून काढलेल्या फोटोत पुढे आलेला गुडघा फुगतो आणि डोकं लहान होतं. तोही बदलच आहे, पण तो भिंगाने केलेला आहे, तुम्ही नाही. त्यावर आपलं विरूपण चढवलं की कोणता बदल कुणाचा हे तुम्हालाच कळेनासं होतं.

नेहमीची मापं एकदा आठवून घ्या. उभा प्रौढ माणूस साधारण साडेसात डोकी उंच असतो, डोळे डोक्याच्या उंचीच्या मध्यावर येतात, पंजा हनुवटीवर ठेवला तर बोटं कपाळावर केसांच्या जवळ पोचतात, कोपर कमरेच्या पातळीला येतं. बसलेल्या माणसाची उंची मोजताना बैठकीपासून खांद्यापर्यंत किती डोकी बसतात ते पाहा आणि आकडा कागदाच्या कडेला लिहून ठेवा. पुढे तो लागणार आहे.

मग रेखाटनावर सांध्यांचे ठिपके द्या: मानेचा तळ, खांदे, कोपरं, मनगटं, खुबे, गुडघे, घोटे. शरीराचा भार जिथे जमिनीला टेकतो तिथे जाड रेघ मारा. विळीवर बसलेल्या बाईचा भार बराचसा बैठकीवर आणि थोडा पाट दाबणाऱ्या पावलावर असतो. ही रेघ म्हणजे चित्राचा पाया.

‘बदलायचंच आहे तर इतकं खरं कशाला काढायचं’ असं वाटलं तर एल ग्रेकोकडे पाहा. स्पेनमधल्या टोलेडो शहरात काम करणाऱ्या या चित्रकाराच्या लांबच लांब आकृती पाहून काहींनी निदान केलं की त्याच्या डोळ्यांतच दोष असणार. हे तर्काला पटत नाही. माणूस लांबट दिसणाऱ्याला कॅनव्हासही लांबटच दिसेल, आणि दोन्ही दोष एकमेकांना कापतील. पण त्याहून चांगलं उत्तर टोलेडोच्या सान्तो तोमे चर्चमध्ये आहे. काउंट ऑर्गाझच्या दफनाचं त्याचं मोठं चित्र 1586 ते 1588 मधलं. खालच्या भागात, जमिनीवर, शहरातले सरदार आणि पाद्री उभे आहेत, साध्या माणसांच्या प्रमाणात, चेहरे ओळखू यावेत असे. वरच्या अर्ध्यात, स्वर्गात, शरीरं ज्वाळेसारखी वर खेचली गेली आहेत. त्याला दोन्ही येत होतं, आणि कुठे काय वापरायचं हे त्याने ठरवलं होतं.

पायरी 2: एक वाक्य लिहा

रेखाटनाच्या कोपऱ्यात एक वाक्य लिहा: मी हे शरीर का बदलतो आहे? ‘चित्रात दुःख दिसावं’ असलं वाक्य उपयोगाचं नाही. दुःखाला लांबी-रुंदी नसते. वाक्य शरीराचं हवं. ‘हिची पाठ इतकी वर्षं याच कोनात राहिली आहे.’ किंवा ‘बाकी शरीर थकलंय, हात थकलेले नाहीत.’ ही दोन्ही वाक्यं मला आईकडे पाहताना सुचली. दोन्ही खरी होती, पण एका चित्रात एकच घ्या. मी पाठ घेतली.

शिकत असताना मी एकदा बसलेल्या मुलीची मान लांब केली होती. शिक्षकांनी शांतपणे विचारलं, ‘मान का लांब आहे?’ लांब मान सुंदर दिसते, यापलीकडे माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी कागद परत दिला. तेव्हापासून वाक्य लिहिल्याशिवाय मी ट्रेसिंग पेपर उलगडत नाही.

एका वाक्याचं चित्र कसं असतं हे फ्रेंच चित्रकार आंग्रच्या ‘ग्रांद ओदालिस्क’मध्ये दिसतं. 1814 मधलं हे चित्र आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. नेपल्सची राणी कॅरोलिन म्युरा हिने ते करवून घेतलं होतं. पाठमोरी पहुडलेली स्त्री, मान वळवून आपल्याकडे पाहणारी. 1819 च्या प्रदर्शनात ते मांडलं तेव्हा टीकाकार तुटून पडले: हिच्या पाठीत तीन मणके जास्त आहेत! 2004 मध्ये फ्रेंच डॉक्टरांनी जिवंत माणसांच्या मापांशी तुलना करून सांगितलं की तीन नव्हे, पाच मणके जास्त भरतील.

नवशिक्याने मणके मोजण्यापेक्षा आंग्रने काय केलं नाही ते पाहावं. सगळं शरीर सारखं ताणलं असतं तर ती नुसतीच उंच बाई दिसली असती. त्याने लांबी मुख्यतः पाठीत घातली आणि डोकं लहान ठेवलं. खांद्यापासून कमरेपर्यंत जाणारी रेषा कुठेही अडत नाही, हाडाचा उंचवटा नाही, स्नायूची खाच नाही. डाव्या पायाची जोडणी तर हाडांच्या हिशोबात बसतच नाही, पण प्रेक्षकाचा डोळा त्या रेषेवरून घसरत जातो आणि पायापाशी थांबून हिशोब मागत नाही. ‘ही रेषा थांबू नये’ हेच त्या चित्राचं वाक्य आहे, आणि बाकी सगळ्याने त्याच्यासाठी जागा करून दिली आहे.

पायरी 3: उपमा शोधा

ही पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि तिच्यासाठी दूर जावं लागत नाही. आपल्या परंपरेत अवयव स्नायूंवरून नव्हे, उपमेवरून घडवला जातो. विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्रात, म्हणजे चित्रकलेवरच्या भागात, डोळ्यांचे प्रकारच असे सांगितले आहेत: धनुष्याच्या आकाराचे, माशाच्या पोटासारखे, कमळाच्या पाकळीसारखे. हत्तीच्या सोंडेसारखा बाहू, शंखासारखी मान, केळीच्या खांबासारखी मांडी या उपमा तर आपण कवितेत आणि आरत्या-स्तोत्रांत ऐकत आलो आहोत. शिल्पी आणि चितारी त्या शब्दशः घेत. मापंही ठरलेली होती. चेहऱ्याची लांबी म्हणजे एक ताल, म्हणजे बारा अंगुळं, आणि नवताल मूर्ती म्हणजे 108 अंगुळं. एवढी कडक मोजमापं आणि त्यांच्या आत हे उपमेचं स्वातंत्र्य, अशी ती गंमतीशीर आणि फार समंजस व्यवस्था आहे.

अजिंठ्याला जाणं जमलं तर पहिल्या क्रमांकाच्या लेण्यातल्या पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या भित्तिचित्रासमोर वेळ काढा. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातलं काम. खांद्यापासून खाली येणाऱ्या हातात कोपराचं हाड जवळजवळ जाणवत नाही. हात सोंडेसारखा वाहत येतो आणि कमळाच्या देठाशी हलकेच थांबतो. भुवई एका फटकाऱ्यात, धनुष्याच्या बाकाची. आणि तरी मान ज्या बाजूला कलली आहे, कंबर जिकडे गेली आहे, त्यात भाराचा हिशोब अचूक आहे. जेजे स्कूलच्या विद्यार्थ्यांनी 1872 पासून जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली ही चित्रं लेण्यांतच बसून नकलली होती. तुम्हीही एखाद्या चांगल्या छापील प्रतीवरून नुसता तो हात चार-पाच वेळा काढा. हाडाशिवायचा हात पोकळ का वाटत नाही, याचं उत्तर मनगटात आणि बोटांच्या वळणात मिळेल.

आता आपल्या आकृतीची उपमा शोधा. जुन्याच उपमा घ्यायला हव्यात असं नाही, उलट नव्याच घ्या. एक युक्ती सांगतो: उपमा शक्यतो त्या माणसाच्या आसपासच्या वस्तूंत शोधा. मी आधी आईच्या पाठीसाठी धनुष्य, डोंगर, भरलेलं पोतं असं काय काय आठवत बसलो होतो. मग तिसऱ्या रेखाटनात विळी काढायला घेतली आणि थांबलो. पातं पाटावरून उठून जसा बाक घेतं, तसाच बाक समोरच्या पाठीत होता. इतकी वर्षं ती त्या पात्यासमोर बसते आहे, पाठीने पात्याचा आकार घेतला, असं म्हणता येईल. माझं वाक्य आणि माझी उपमा तिथे एकत्र आली.

पायरी 4: ट्रेसिंगवर ताणा

पहिल्या पायरीतलं उत्तम रेखाटन खाली ठेवा, वर ट्रेसिंग पेपर. आधी फक्त सांध्यांचे ठिपके आणि भाराची रेघ उतरवून घ्या. आता नवशिक्यासाठी माझा नियम ऐका: दोन सांध्यांमधलं अंतर बदला, जाडी बदला, बाक बदला. सांध्यांचा क्रम, कोपर-गुडघा कोणत्या दिशेने वळतो ते, आणि भाराची रेघ मात्र तशीच ठेवा. प्रेक्षकाला बरगड्या मोजता येत नाहीत, पण माणूस कलंडतोय की टेकलाय हे त्याचं स्वतःचं शरीर त्याला तत्काळ सांगतं. भार चुकला की विरूपण पटत नाही, मग बाकी कितीही सुंदर असो.

किती बदलायचं? भीतभीत केलेला बदल चुकीसारखा दिसतो. हात एक दशांशाने मोठा केला तर लोक म्हणतील प्रमाण चुकलं. पाव पटीने मोठा केला तर ते क्षणभर थांबतील. दीडपट केला तर कारण शोधू लागतील. म्हणून एकाच आकृतीच्या तीन ट्रेसिंग करा: थोडं, बरंच, आणि ‘हे फार झालं’ असं वाटेपर्यंत. तिन्ही भिंतीवर लावा आणि दुसऱ्या दिवशी पाहा. बहुतेक वेळा दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधलं कुठेतरी हवं असतं, आणि तिसरं केल्याशिवाय ती जागा सापडत नाही.

आईच्या बाबतीत बैठकीपासून खांद्यापर्यंतचं अंतर खऱ्या रेखाटनात सुमारे तीन डोकी होतं. मी ते चारच्या पुढे नेलं, पण सरळ वर नाही, बाकाच्या वाटेने. खांदा त्यामुळे पुढे विळीवर आला. हात आपोआप आखूड करावे लागले, नाहीतर ती पाटाच्या पलीकडची जमीन चिरत बसली असती.

पायरी 5: किंमत कुठेतरी चुकवा

हे जे हातांचं झालं तेच सगळीकडे होतं. एक गोष्ट वाढवली की दुसरी कमी करावी लागते किंवा झाकावी लागते. मायकेलअँजेलोची 1498-99 मधली ‘पिएता’ हे शिल्प असलं तरी या हिशोबाचा उत्तम धडा आहे. प्रौढ मुलाचं प्रेत आईच्या मांडीवर पूर्ण मावावं म्हणून मेरीचं शरीर फार मोठं घडवलं आहे. ती उठून उभी राहिली तर ख्रिस्तापेक्षा कितीतरी उंच भरेल. हे लक्षात येत नाही, कारण तिचं डोकं त्या मानाने लहान आहे आणि जास्तीचं सगळं शरीर वस्त्राच्या खोल चुण्यांत गेलं आहे.

नऊवारीच्या चुण्या, धोतराचा सोगा, घोंगडी, मांडीवरचं सूप, हे सगळं आपल्याकडे याच कामाला येतं. मी आईच्या मुडपलेल्या पायाचा न जमणारा भाग पदराखाली घेतला. यात लबाडी वाटून घेऊ नका. प्रेक्षकाचं लक्ष पाठीवर राहावं, पायाच्या कोड्यात अडकू नये, एवढंच त्यातून साधायचं आहे.

पायरी 6: विरूपणाला सोबत द्या

एकटं विरूपण चुकीसारखं दिसतं. तोच आकार चित्रात आणखी दोन-तीन ठिकाणी आला की तो चित्राचा स्वभाव होतो. फ्लॉरेन्सच्या उफित्झी संग्रहालयात इटालियन चित्रकार पार्मिजानिनोची लांब मानेची मॅडोना, म्हणजे बाळ येशूला घेतलेली मेरी, आहे. 1534 मध्ये सुरू केलेलं हे चित्र 1540 मध्ये तो वारला तेव्हा अपुरंच राहिलं होतं. मॅडोनाची मान, बोटं, मांडीवरचं बाळ, सगळं लांब. आणि त्यांना सोबत म्हणून पार्श्वभूमीत उंच, निमुळता संगमरवरी खांब आणि शेजारच्या देवदूताच्या हातात लांबट कुंभ. खांब आणि कुंभ हाताने झाकून पाहा, मान लगेच विचित्र वाटू लागते.

माझ्या चित्रात विळीचं पातं होतंच. त्याचाच बाक मी मागच्या भिंतीवरच्या सावलीला दिला, आणि टोपलीतल्या शेवग्याच्या शेंगांना. एवढ्यावर थांबलो. चौथ्या ठिकाणीही तोच बाक आला असता तर ते नक्षीकाम झालं असतं.

पायरी 7: रंगवताना

इथे नवशिके हमखास एकाच ठिकाणी अडखळतात. बाहेरची रेषा धीटपणे बदलतात आणि आतली छायाप्रकाशाची रचना जुन्या, खऱ्या शरीराची ठेवतात. मग पाठ लांब दिसते, पण तिच्यावरचे उजेडाचे पट्टे आखूड पाठीचे असतात, आणि आकृती रबरासारखी ताणलेली वाटते. बदललेला आकार हाच खरा आकार आहे असं धरून त्याच्यावर उजेड टाका. जमत नसेल तर मातीचा किंवा कणकेचा गोळा घेऊन तशी पाठ वळा, खिडकीपाशी ठेवा, आणि सावली पाहून रंगवा. कणीक या कामाला फार छान येते.

कडांचाही विचार करा. ज्या कडेवर तुमचं वाक्य आहे ती कड स्वच्छ, अखंड ठेवा. बाकीच्या कडा पार्श्वभूमीत विरघळू द्या. रंग कमीच बरे, पहिल्या चित्रात तीन-चार पुरेत.

सांधे मोडायचे असतील तर

चौथ्या पायरीतला नियम मोडणारे थोर चित्रकार आहेतच. पिकासोच्या 1937 च्या ‘गर्निका’त मेलेलं मूल घेतलेल्या आईचं डोकं मान मोडावी इतकं मागे गेलं आहे. गोव्यातल्या साळगावात जन्मलेले फ्रान्सिस न्यूटन सूझा डोळे मध्यावरून उचलून थेट कपाळावर नेतात, आणि तो चेहरा कितीतरी दिवस डोक्यातून जात नाही. त्या वाटेने जरूर जा, पण आधी सांधे राखून पाच-सहा चित्रं करून. सुधीर पटवर्धन यांचं उदाहरण मला नेहमी धीर देतं. ठाण्यात अनेक वर्षं रेडिऑलॉजिस्ट म्हणून काम केलेले हे चित्रकार, रोज एक्स-रेवर हाडं पाहणारे. त्यांच्या कष्टकरी माणसांची शरीरं जड आहेत, दाबली गेलेली आहेत, आणि ती तशी का आहेत हे चित्रासमोर उभं राहिल्यावर विचारावं लागत नाही.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. व्यंगचित्र आणि विरूपण यांत फरक ठेवा. व्यंगचित्र माणसाची ओळख पटावी म्हणून त्याचं वैशिष्ट्य वाढवतं, आणि ते त्याचं रास्त काम आहे. पण म्हातारं, आजारी किंवा अपंग शरीर समोर असेल तर आपण वाढवतो आहोत ते त्याचं वजन आहे की त्याचं व्यंग, हे स्वतःला विचारा. ज्याला काढलं त्याच्यासमोर ते चित्र ठेवता आलं पाहिजे. मी आईला दाखवलं तेव्हा ती पाठीबद्दल काहीच बोलली नाही. म्हणाली, ‘शेंगा जून निघाल्या होत्या त्या दिवशी.’

पायरी 8: तपासा

चित्र आरशात पाहा, मग खोलीच्या दुसऱ्या टोकावरून. घरातल्या कुणाला दाखवताना ‘बरोबर आलंय का?’ असं विचारू नका, त्याचं उत्तर ‘नाही’च येणार. विचारा, ‘हिला काय होतंय?’ उत्तरात कंबर, पाठ, वाकणं, वय यातलं काही आलं तर तुमचं वाक्य पोचलं. ‘हिची पाठ एवढी लांब का?’ असं आलं तर पाचवी आणि सहावी पायरी पुन्हा करा, बहुधा सोबत कमी पडली असेल किंवा किंमत चुकवायची राहिली असेल.

शेवटी पहिल्या पायरीतलं खरं रेखाटन चित्राशेजारी टांगा आणि आठवडाभर येता-जाता दोन्ही पाहा. दोन्हींतलं कोणतं चित्र त्या माणसाचं जास्त वाटतं? रेखाटनच जास्त वाटलं तर रंग खरवडू नका, चित्र बाजूला ठेवा आणि नव्या ट्रेसिंगच्या कोपऱ्यात दुसरं वाक्य लिहा. मी आता हातांचं वाक्य घेऊन बसलो आहे.